रक्तदाब, मधुमेह आणि घरचे ३६५ दिवस

मागच्या वेळी आपण तपासणीबद्दल बोललो. तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई भरतात तो फॉर्म, उपकेंद्रावर बीपी आणि साखर. आज त्याच्या पुढचं पाहू. निदान झालं, कार्ड मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. मग काय?

एक साधा हिशेब करू. रुग्ण दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आला आणि त्याला पाच मिनिटं मिळाली, तर वर्षाचा एक तास होतो. वर्षात तास असतात ८,७६०. उरलेल्या वेळात काय खायचं, गोळी घ्यायची की नाही, हे रुग्ण आणि घरचे लोकच ठरवतात. ते त्यांना नीट ठरवता यावं यासाठी केलेली मदत म्हणजे स्व-व्यवस्थापनाला आधार. "स्वतःची काळजी घ्या बरं का" म्हणून मोकळं होणं, हा काही आधार नव्हे.

२०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. त्यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अगदी साधी आहे: गोळ्या एकदम महिनाभराच्या द्यायच्या, आणि जमेल तितक्या घराजवळ. दर फेरीला मजुरी बुडते हो! औषधच हातात नसेल तर सल्ला कोरडा राहतो.

आता, "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवली" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं असेल. यावर रागावून उपयोग नाही. गोळी चालू आहे म्हणून बीपी १४०/९० च्या खाली आहे, हे समजावायचं आणि मग रुग्णालाच विचारायचं, "घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल?" त्यांच्या तोंडून उत्तर आलं की काय पोचलं, काय नाही, ते लगेच कळतं.

उपवासाचा विषय मात्र आपण फार टाळतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तीच वर चढते. "उपवास करू नका" म्हटलं की आजी मान डोलावतात आणि एकादशी करतातच. त्यापेक्षा आधीच विचारावं: कोणते उपवास धरता, त्या दिवशी काय खाता? त्यानुसार डॉक्टरांनी गोळीचं ठरवून द्यावं. घाम, थरथर, धडधड ही लक्षणं घरच्यांनाही माहीत हवीत. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

मिठाचंही तसंच. "मीठ कमी करा" यातून कोणाला काय कळणार? जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत म्हणते. म्हणजे पाच माणसांच्या घरात किलोचं पाकीट किमान ४० दिवस पुरलं पाहिजे, आणि लोणचं, पापड, सुकी मासळी त्याच हिशेबात धरून. पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायची, एवढंच काम पुढच्या भेटीपर्यंत द्यावं. एका भेटीत एकच. पुढच्या भेटीला आधी त्या तारखेची चौकशी करायची, बीपीचा पट्टा त्यानंतर बांधायचा.