‘रिकामी’ टाकी रिकामी नसते

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ॲरन फ्रँकलिन यांनी २००९ मध्ये एका ट्रेलरमधून बार्बेक्यू विकायला सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तोवर त्यांच्या दारातली सकाळची रांग देशभर माहीत झाली होती. त्या रांगेच्या टोकाला जे मांस मिळतं ते शिजतं प्रोपेन वायूच्या १००० गॅलनच्या टाक्यांत. कापून, दारं बसवून, धुराडं जोडून त्या टाक्यांचे स्मोकर, म्हणजे धुरात मांस शिजवायच्या चुली, झालेले आहेत. ही युक्ती एकट्या फ्रँकलिन यांची नव्हे. तेलविहिरींवर वेल्डिंग करणारे टेक्सासचे कारागीर उरलेले जाड नळ आणि टाक्या वापरून अशा चुली फार आधीपासून बांधत आले आहेत.

टाकीच का, हेही सरळ आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात नळाचा गॅस पोचत नाही, म्हणून घराच्या परसात प्रोपेनची टाकी आडवी ठेवलेली असते. २५० गॅलनच्या टाकीचा व्यास सुमारे ७६ सेंटिमीटर, ५०० गॅलनची ९४ सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर लांब. पोलाद जाड, टोकं गोलाकार, सांधे पक्के. निवृत्त झालेली अशी टाकी भंगाराच्या भावात मिळाली की अर्धी चूल तयारच असते. उरलेल्या अर्ध्या कामाबद्दल मात्र इतके गैरसमज आहेत, आणि त्यातला एक इतका जीवघेणा, की त्यापासूनच सुरुवात करायला हवी.

गैरसमज : व्हॉल्व्ह उघडला, फुस्स आवाज थांबला, म्हणजे टाकी रिकामी

फुस्स आवाज थांबला याचा अर्थ एवढाच, की आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला. आतली जागा अजून वायूनेच भरलेली आहे. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असेल तर तो आठवडाभर उघडा ठेवला तरी तळाचा वायू आपणहून उठून बाहेर जात नाही. विहिरीतलं पाणी झाकण काढल्याने आटत नाही, तसंच हे.

आता प्रमाण पाहा. हवेत प्रोपेन साधारण २.१ ते ९.५ टक्के असला की ते मिश्रण ठिणगीने पेटतं. परसातल्या ग्रिलला जोडतात ती २० पौंडी छोटी टाकी घ्या. तिच्यात सुमारे साडेएकवीस लिटर पाणी मावतं. म्हणजे अर्धा लिटरहूनही कमी वायू, वजनात एक ग्रॅमसुद्धा नाही, तिचा बॉम्ब करायला पुरेसा आहे. २५० गॅलनच्या टाकीला ३५-४० ग्रॅम लागतात. जेमतेम अर्धा कप चहाएवढा द्रव. पूर्ण भरलेल्या टाकीत हवाच नसल्याने आत आग लागू शकत नाही. ‘जवळजवळ रिकामी’ टाकीच सर्वांत धोकादायक असते, आणि पत्रा कापायचा ग्राइंडर लावला जातो तो नेमका तिलाच.

शिवाय आतल्या गंजाच्या पापुद्र्यात तेलकट गाळ धरून राहिलेला असतो. थंड असताना तो काही करत नाही. गॅस कटरची ज्योत बाहेरून पत्रा तापवते तेव्हा त्याची वाफ होते. सकाळी मोजून निर्धोक वाटलेली टाकी दुपारी कापताना फुटू शकते, ती अशी.

गैरसमज : वास गेला म्हणजे वायू गेला

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. नाकाला कळतो तो त्यात मुद्दाम मिसळलेला इथिल मरकॅप्टन. वास मिसळायचा हा धडा टेक्सासने मोठी किंमत मोजून घेतला. १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन गावातल्या शाळेत गळालेला, वास नसलेला नैसर्गिक वायू इमारतीखालच्या जागेत साठला आणि स्फोटात सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचा कायदा झाला.

पण हा वास टाकी कापणाऱ्याचा भरवशाचा साक्षीदार नाही. जुन्या टाकीतला गंज मरकॅप्टन शोषून घेतो, त्याचं रासायनिक रूप बदलतो, आणि वायू असूनही वास मंदावतो. उलट कधी वायू निघून गेल्यावरही गाळातला वास महिनोन्‌महिने रेंगाळतो. नाकावर विसंबून टाकीला कटर लावणं म्हणजे विषाची परीक्षा घेणं.

मग खरी पद्धत कोणती?

कारागिरांमध्ये अनेक तोडगे फिरतात. कुणी मोटारीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडायला सांगतं, कुणी एकदा पाण्याने खळबळून घ्या म्हणतं. मोटारीचा धूर हा भरवशाचा निष्क्रिय वायू नाही. त्यात प्राणवायू किती उरला हे इंजिन कसं चाललंय यावर ठरतं, आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. खळबळून गाळ निघत नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की वापरलेली टाकी किंवा पिंप ज्वलनशील पदार्थाचा मागमूस उरणार नाही इतकं स्वच्छ केल्याशिवाय त्यावर वेल्डिंग किंवा कापकाम करायचं नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं ‘एफ ४.१’ हे मानक याच कामासाठी आहे.

व्यवहारात क्रम असा. उरलेला द्रव प्रोपेन विक्रेत्याकडून काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. उघड्या मैदानात, आसपास कुठलीही ठिणगी नसताना, व्हॉल्व्ह आणि बाकीच्या जोडण्या पाना लावून पूर्ण काढायच्या. मग साबण मिसळलेल्या पाण्याने टाकी काठोकाठ भरायची, वरून वाहून जाईपर्यंत, आणि काही दिवस तशीच ठेवून, ओतून, पुन्हा भरायची. पाण्याची थोरवी ही, की ते दिसतं. पाणी काठाला आलं म्हणजे आत वायूला जागा उरली नाही, हे डोळ्यांनी पटतं. पहिला छेद टाकी भरलेली असतानाच घेतात आणि पाणी छेदाच्या अगदी खालपर्यंत राहील एवढंच उतरवत पुढे जातात. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. पाण्याशेजारी विजेच्या वायरचा ग्राइंडर चालवणं हा दुसरा मृत्यू आहे. हवेच्या दाबावर चालणारं किंवा बॅटरीचं हत्यार घ्यावं. आणि २५० गॅलन पाणी म्हणजे साडेनऊशे किलो. टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. चार विटांवर ती टेकवून चालत नाही.

व्हॉल्व्हच्या पितळेवर निळसर-हिरवट डाग दिसले तर त्या टाकीला हातच लावू नये. त्यात कधीतरी अमोनिया भरला गेल्याची ती खूण आहे. अमोनियाने पितळ आतून तडकतं आणि व्हॉल्व्ह गोळीसारखा उडू शकतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने वापरलेली टाकी घेऊच नये. कधीच वायू न भरलेली टाकी किंवा त्याच व्यासाचा नवा पोलादी नळ महाग पडतो खरा. पण वाचवलेल्या पैशांना अर्थच उरू नये, यासाठी या कामात एकच चूक पुरते.

गैरसमज : आतून रंग लावला की गंजत नाही

आतून रंग नको, जस्त नको. उष्णता सोसणारा रंग फक्त बाहेरून. आतल्या बाजूला खाद्यतेलाचा पातळ हात देऊन काही तास मोठी आग करायची, नव्या लोखंडी तव्याला तेल लावून तापवतात तसंच. बाहेरचा जुना रंग पूर्ण खरवडायचा, कारण त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत शिशावरची १९७८ ची बंदी घरगुती रंगांपुरती होती, औद्योगिक रंगांत शिसं पुढेही वापरलं गेलं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा नटबोल्ट चुलीत बसवू नयेत. जस्त ४१९ अंशांना वितळतं, वेल्डिंगच्या आचेवर त्याचा धूर होतो आणि तो श्वासात गेला की वेल्डरला थंडी-ताप भरतो. जाळी साध्या पोलादाची किंवा स्टेनलेसची.

गैरसमज : खाली कोळसा, वर जाळी, झाला स्मोकर आणि ग्रिलही

हीच रचनेतली खरी गोम आहे. ग्रिलिंग म्हणजे निखाऱ्यांच्या थेट धगीवर भाजणं: दोन-अडीचशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, आणि काम मिनिटांचं. स्मोकिंग म्हणजे १०५ ते १३५ अंशांच्या वाहत्या, धूर मिसळलेल्या हवेत तासन्‌तास शिजवणं. बीफचा छातीकडचा चिवट भाग, ज्याला ब्रिस्केट म्हणतात, त्यातले तंतू धरून ठेवणारं कोलॅजेन विरघळून मऊ व्हायला मांस आतून ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. तेच मांस थेट निखाऱ्यावर ठेवलं तर बाहेरून कोळसा आणि आतून चामडं. शिवाय चरबी ज्वाळेवर ठिबकते, तिच्या धुरात बेन्झोपायरीनसारखी घातक संयुगं तयार होतात आणि ती मांसावर बसतात. ग्रिलवर हे काही मिनिटं होतं. दहा तास होऊ देऊ नये.

म्हणून दोन्ही कामं करणाऱ्या जोड-चुलीत आगीची पेटी टाकीच्या बाहेर, एका टोकाला आणि थोडी खालच्या पातळीवर जोडतात. पेटीच्या वर उघडणारं झाकण आणि झाकणाखाली जाळी. झाकण उघडलं, निखाऱ्यावर जाळी टाकली, की ते ग्रिल. झाकण बंद केलं, की धूर टाकीत शिरतो आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून निघतो. कारागिरांचा ढोबळ हिशोब असा, की आगीच्या पेटीचं घनफळ शिजवायच्या टाकीच्या एक तृतीयांश असावं. २५० गॅलन म्हणजे सुमारे ९४५ लिटर, तर पेटी ३१५ लिटरची: साधारण ६० गुणिले ७० गुणिले ७५ सेंटिमीटर. पेटी लहान पडली की आग घुसमटते, आणि घुसमटलेल्या आगीची चव कडू असते.

पेटीकडचं टोक नेहमी जास्त तापतं. त्यासाठी जाळीखाली पोलादी पट्ट्या सरकवून उष्णता पुढे ढकलतात. तापमापक जाळीच्या पातळीला बसवावा; झाकणाच्या माथ्यावरचा आकडा मांसाला लागणारी उष्णता सांगत नाही.

दार कापतानाची एक युक्ती इथेच सांगायला हवी, कारण बहुतेकांची पहिली टाकी याच ठिकाणी बिघडते. गोल वळवलेल्या पत्र्यात ताण कोंडलेला असतो. दार चारही बाजूंनी एकदम कापलं तर ते उसळून आकार बदलतं आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही. बिजागऱ्यांची बाजू आधी कापायची, लगेच बिजागऱ्या वेल्ड करायच्या, कडेच्या पट्ट्या टाचायच्या, आणि मगच उरलेल्या बाजू कापायच्या. आडवी टाकी उलटी फिरवली, की वरच्या व्हॉल्व्हचं भोक तळाशी येतं. तीच चरबी वाहून जायची मोरी. टाकीला तिच्या दिशेने बोटभर उतार द्यायचा.

गैरसमज : जितका दाट धूर, तितकी चव

चुलीत ओलं लाकूड घालणाऱ्या कुठल्याही आजीला याचं उत्तर माहीत होतं. पांढरा, दाट, डोळे चुरचुरवणारा धूर हा अर्धवट जळणाचा धूर. त्यातला डांबरासारखा चिकटा मांसावर बसतो आणि ते कडवटतं. हवा आहे तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर, आणि तो वाळलेल्या लाकडाच्या लहान पण जिवंत ज्वाळेतूनच येतो. मध्य टेक्सासात यासाठी पोस्ट ओक जाळतात. पुष्कळ जण धूर ‘कोंडावा’ म्हणून धुराडं बंद करतात. ते पूर्ण उघडं हवं, आच आवरायची ती पेटीच्या हवेच्या झडपेने. मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी किनार हे कच्चेपणाचं लक्षण नव्हे. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाच्या रंगद्रव्याशी जोडले जातात, म्हणून ती उरते. शिजलं की नाही ते तापमापकानेच ठरवावं. कोंबडीसाठी अमेरिकी कृषी खात्याचा आकडा ७४ अंशांचा आहे. आणि ही चूल बंद गॅरेजमध्ये पेटवायची नाही, पाऊस असला तरी.

गैरसमज : घरचा जुना सिलेंडर चालेल की

हे खास आपल्यासाठी. भारतात घरी येणारा १४.२ किलोचा सिलेंडर आपला नसतो. आपण भरलेली रक्कम अनामत असते. सिलेंडर तेल कंपनीच्या मालकीचाच राहतो. तो कापणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू कापणं. आणि आपला एलपीजी निव्वळ प्रोपेन नसतो, त्यात ब्यूटेनही असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली. त्यामुळे ‘संपलेल्या’ सिलेंडरच्या तळाशी ब्यूटेनचा अंश रेंगाळण्याची शक्यता आणखी जास्त. पेट घेणारं मिश्रण व्हायला त्या ३३ लिटरच्या जागेत जेमतेम दीड ग्रॅम वायू पुरतो. भंगारातल्या २०० लिटरच्या पिंपालाही हेच लागू आहे. त्यात थिनर होतं, तेल होतं की कीटकनाशक, हे विकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं.

शेतावर किंवा गच्चीवर अशी चूल हवीच असेल तर फॅब्रिकेटरकडून पाच-सहा मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा वळवून घ्या. रचना वर सांगितली तीच. आणि कुठेही, ह्यूस्टनला असा की हडपसरला, कुणी जुनी टाकी कापायला घेतलेली दिसली तर त्याला एकच प्रश्न विचारा: आत पाणी भरलंय का? ‘रिकामीच आहे’ असं उत्तर आलं तर ते काम तिथेच थांबवा आणि लोकांना तिथून लांब न्या.