तुंबलेलं मन: चिनी वैद्यक आणि विद्यार्थ्यांचं नैराश्य

आज एका शब्दापासून सुरुवात करू. चिनी भाषेत नैराश्याला 'यीयू' म्हणतात. यातला 'यू' हा वैद्यकातला जुना शब्द, त्याचा अर्थ तुंबणं, अडून राहणं. म्हणजे आपण ज्याला मनाचा आजार म्हणतो, तो पारंपरिक चिनी वैद्याच्या लेखी प्रवाहातला अडथळा आहे.

कुठला प्रवाह? शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते आणि ती वाहती ठेवणं हे यकृताचं काम, असं हे शास्त्र मानतं. आता हे 'यकृत' म्हणजे शरीर उघडल्यावर दिसणारा अवयव एवढंच नाही, तो कार्यांचा एक समूह आहे. राग गिळला, इच्छा दाबली, की ची तुंबते. छाती भरून येते, बरगड्यांत दुखतं, सारखे उसासे येतात. अतिविचाराने प्लीहा दुबळी होते, मग भूक जाते, थकवा येतो. तुंबलेलं फार दिवस राहिलं तर त्याची उष्णता होते, ती हृदयापर्यंत पोचते आणि झोप उडते. चौदाव्या शतकात चू तानशी या वैद्याने अशा तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले: ची, रक्त, कफ, ओलावा, उष्णता आणि अन्न.

आता समजा, चीनमधला एक विद्यार्थी आहे. 'गाओखाओ' ही प्रवेशपरीक्षा देऊन, घरच्यांच्या सगळ्या आशा घेऊन तो मोठ्या शहरातल्या वसतिगृहात आलाय. वैद्याकडे गेल्यावर तो 'मी उदास आहे' असं म्हणेलच असं नाही. तो म्हणेल, 'झोप लागत नाही, पोट जड वाटतं.' वैद्य जीभ बघतो, नाडी बघतो. यकृत तुंबलेलं दिसलं तर 'श्याओयाओ सान' देतो, प्लीहा आणि हृदय दुबळं दिसलं तर 'ग्वीफी थांग'. श्याओयाओ हे सोंग राजवटीच्या काळातलं औषध. त्यात ज्येष्ठमध, आलं, पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती अशी आपल्याही ओळखीची मंडळी आहेत. नावाचा अर्थ मोठा छान आहे: मोकळेपणाने भटकणं!

शरीराच्या भाषेत दुःख सांगणं ही काही किरकोळ बाब नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1980 मध्ये हूनान प्रांतातल्या चांगशा इथे 'मज्जातंतूंचा दुबळेपणा' असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. त्यांपैकी 87 जण तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत होते. डोकेदुखीच्या आड नैराश्य लपलेलं होतं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'घशाशी आवंढा येतो', 'छातीवर दडपण आहे', असंच आपणही म्हणतो.

मग प्रश्न येतो, या उपचारांचा उपयोग होतो का? इथे प्रामाणिक राहायला हवं. श्याओयाओवर चीनमध्ये बऱ्याच चाचण्या झाल्या, पण त्यातल्या अनेक छोट्या आणि सदोष होत्या. ॲक्युपंक्चरवरचा कॉक्रेनचा 2018 चा आढावाही पुरावा कच्चा असल्याचंच सांगतो. शिवाय वनस्पती म्हणजे निर्धोक, असंही नाही. ज्येष्ठमध जास्त आणि फार दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. म्हणून मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नका, आणि दुसरं काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

मग यातून आपण घ्यायचं काय? माझ्या मते, ऐकण्याची रीत. मूल 'पोट दुखतंय' म्हणालं तर 'नाटकं करू नकोस' म्हणण्याआधी झोपेबद्दल विचारा, भूक कशी आहे ते विचारा, मित्रांशी बोलणं होतं का तेही विचारा. दोन आठवडे उदासी हटली नाही तर तज्ज्ञांकडे न्या. आणि जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं तर काढा, सुया, काही शोधत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. भारतात टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

तुंबलेलं वाहतं करायला आधी कुणीतरी ते ऐकावं लागतं. इथे थांबतो.