एका खोलीचे घर, घरभाडे आणि साथीचा आजार

घरात कोणाला कोविड झाला की पहिला सल्ला मिळे: रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा. पण खोलीच एक असेल तर? वसई-विरारमध्ये, विशेषतः नालासोपाऱ्याच्या चाळींत, अनेक कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोक इकडे येतात. इथेही अनेकांच्या खिशाला झेपते ती एक खोली किंवा वन रूम किचन.

घराचा आणि संसर्गाचा संबंध काय?

रुग्णाच्या श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून विषाणू बाहेर पडतात. लहान, बंद खोलीत ते हवेत साचतात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांमध्ये कोविडची प्रतिपिंडे आढळली. दाट वस्ती आणि सामायिक शौचालये ही त्यामागची संभाव्य कारणे सांगितली गेली.

दुसरे कारण भाड्याचे. रोज बुडाला तर भाडे थकेल, या धास्तीने माणूस अंगात ताप असतानाही कामावर जातो, तपासणी टाळतो. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर काढू नका. घर टिकले तरच आजारी माणूस घरी थांबू शकतो.

खोली एकच असेल तर काय करावे?

- दार-खिडक्या उघड्या ठेवा. रुग्णाला खिडकीजवळ झोपवा.
- रुग्णाने आणि काळजी घेणाऱ्याने मास्क लावावा.
- वृद्ध, गरोदर आणि मधुमेही व्यक्तींनी रुग्णापासून शक्य तितके दूर झोपावे. जवळ नातेवाईक असतील तर त्यांना काही दिवस तिकडे पाठवा.
- सामायिक शौचालयात मास्क लावूनच जा, नंतर साबणाने हात धुवा.
- घरात किती माणसे, किती खोल्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. साथीच्या काळात महापालिकेच्या विलगीकरण केंद्राची चौकशी करा.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, गुंगी येणे किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा.

क्षयरोगही अशाच दाटीत पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची मोफत तपासणी करून घ्या. घर लहान आहे हे सांगायला संकोच नको. त्यावरूनच तुमच्या घराला जमेल असा सल्ला देता येतो.