फोनवरचा खोटा मेकॅनिक : दुकानदार बंधूंनो, सावध राहा!

परतवाड्याच्या बाजारात कापडाचा धंदा करताना मला तीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत खोटी नोट, मापात कमी भरणारे थान आणि उधारी बुडवणारे गिऱ्हाईक, हे सगळे ओळखायला शिकलो. पण मागच्या लग्नसराईत माझ्याच गादीवर बसून, माझ्याच हाताने मी ४८ हजार रुपये अशा माणसाच्या हवाली केले, ज्याचे तोंडही मी कधी पाहिले नाही. सांगताना लाज वाटते. तरी सांगतो, कारण हा चोर आता माझ्या दुकानातून निघून तुमच्या दुकानाकडे येणार आहे.

त्या दिवशी मेळघाटातल्या गिऱ्हाइकांची दुकानात गर्दी होती. आमचा बिल बनवणारा मुलगा कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत होता. एकाएकी पडदा लाल झाला, मशीन जोरजोराने ओरडू लागले आणि समोर एक फोन नंबर आला. मुलगा घाबरला. "सेठजी, व्हायरस आला म्हणते. बंद केला तर सगळा हिशोब जाईल म्हणते!"

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी मी गिऱ्हाइकांकडून आणि खातेवहीतून शिकलो. इंग्रजी म्हणाल तर बिल्टीवरचे नाव वाचण्यापुरती येते. पडद्यावर काय लिहिले आहे ते मला कळत नव्हते. मला एवढेच दिसत होते की सालभराची उधारी, जीएसटीचा हिशोब, सगळे त्याच डब्यात आहे. मी तो नंबर लावला.

पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की आपले सख्खे लोक बोलत नाहीत. त्याने एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचे नाव सांगितले. "अंकल, घबराइए मत, मैं लाइन पे हूँ," म्हणाला. एक प्रोग्राम टाकायला लावला, त्यातला नंबर विचारला, आणि पाहता पाहता पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. मग त्याने लाल-पिवळ्या खुणांची एक लांबलचक यादी दाखवली आणि म्हणाला, इतके चोर तुमच्या मशीनमध्ये बसले आहेत. साफ करायचे २,९९९ रुपये, तेही याच मशीनवरून बँकेत जाऊन भरा. मी बँकेचे खाते उघडले. पडदा काळा झाला. "काम चालू आहे," तो म्हणाला, "मोबाईलवर रजिस्ट्रेशन नंबर येईल, तो सांगा." दोन वेळा नंबर आला, दोन्ही वेळा मी वाचून दाखवला. तो ओटीपी होता. दोन फटक्यांत ४८ हजार गेले. ही रक्कम मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याची होती. त्याचा माल मी विकून बसलो होतो.

ही तरकीब चालते कशी?

नंतर माझा अकोल्याचा पुतण्या आला आणि त्याने एकेक गोष्ट उलगडून सांगितली. ती जशीच्या तशी लिहितो.

तो लाल पडदा व्हायरस नव्हताच. ते इंटरनेटवरचे एक साधे पान होते. फक्त मोठे करून पसरवलेले, त्याला आवाज जोडलेला. जसे कोणी आपल्या दुकानासमोर "इमारत धोकादायक" असा बोर्ड लावून द्यावा आणि खाली स्वतःचाच फोन नंबर लिहावा, तसे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्वतः जाहीर केले आहे की तिच्या खऱ्या सूचनेत कधीच फोन नंबर नसतो, आणि ती आपणहून कोणाला दुरुस्तीसाठी फोन करत नाही. म्हणजे पडद्यावर धोक्याची सूचना आणि तिच्याखाली फोन नंबर दिसला की समजा, ती खोटी.

ती लाल-पिवळी यादी म्हणजे मशीनची रोजची डायरी. चांगल्या, निरोगी कॉम्प्युटरमध्येही तिच्यात अशा खुणा असतातच. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती भीतीची वस्तू होते.

आणि तो प्रोग्राम? एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही त्यांची नावे. ही चोराची हत्यारे नाहीत, कामाची आहेत. आपला बिलिंगचा प्रोग्राम बसवून देणारा माणूस याच रस्त्याने येऊन दुरुस्ती करतो आणि नंबरही असाच विचारतो. म्हणून तर आपल्याला शंका येत नाही. पण ज्याच्या हाती तो नंबर गेला, त्याच्या हाती तुमच्या दुकानाची चावी गेली. तुम्ही जे पाहता ते तो पाहतो, तुम्ही जे करता ते तो करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याविषयी सावध केले होते.

मग खरा मेकॅनिक आणि खोटा मेकॅनिक यांत फरक काय? फरक एकच: नंबर कोणी दिला आणि बोलावले कोणी. ज्याला आपण, आपल्याजवळच्या बिलावर लिहिलेल्या नंबरावर बोलावले, तो खरा. जो आपणहून आला, किंवा ज्याचा नंबर पडद्यानेच आपल्या हाती दिला, तो खोटा. एवढे एक वाक्य मला त्या दिवशी ठाऊक असते तर मालेगावची रक्कम वाचली असती.

चोर आपल्याच मुलखात

हे लोक कुठे परदेशात बसले असतील असे वाटते. तसे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुले अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी बनून अमेरिकन लोकांना धमकावत होती आणि दंड म्हणून गिफ्ट कार्डांचे नंबर वसूल करत होती. पोलिसांनी ७०० हून अधिक लोकांची चौकशी केली आणि ७० जणांना अटक केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' नावाने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या नावाने खोटी 'तांत्रिक मदत' विकणारी कॉल सेंटरेही होती. मग ऑगस्ट २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला एका रिसॉर्टमध्ये भाड्याने जागा घेऊन चालवलेले असेच केंद्र सीबीआयने पकडले. अॅमेझॉनच्या मदत केंद्राचे नाव सांगून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना लुबाडण्याचे काम तिथे चालत होते. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाईल जप्त झाले.

पूर्वी हा धंदा गोऱ्या म्हाताऱ्यांना लुटण्याचा होता. आता तोच धडा हिंदीत आणि मराठीत वाचला जातो, आणि आपण गिऱ्हाईक झालो आहोत.

बाजारात फिरणारे दुसरे प्रकार

कॉम्प्युटर नसलेल्या कारागीर बंधूंनी 'आपल्याला काय त्याचे' म्हणू नये. तुमच्या हातात मोबाईल आहे, तेवढे त्याला पुरे.

एक, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा. "तुमच्या साउंडबॉक्सचे भाडे वाढणार आहे, बंद करायचे असेल तर केवायसी करा," असा फोन येतो आणि मग पिन टाकायला सांगतात. लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही.

दोन, मदत केंद्राचा खोटा नंबर. गाठोडे पोचले नाही, रिचार्ज अडकला, की आपण इंटरनेटवर त्या कंपनीचा नंबर शोधतो. तिथे चोरांनी आपले नंबर कंपनीच्या नावाने टाकून ठेवलेले असतात. इथे तर फोन आपणच करतो, म्हणून भरवसा जास्त बसतो. नंबर घ्यायचा तो पावतीवरून, पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून.

तीन, परताव्याची लालूच. "मागच्या साली तुम्ही जी सेवा घेतली ती बंद झाली, पैसे परत करतो." मग पडद्यावर आकडे बदलून दाखवतात आणि रडवेल्या आवाजात म्हणतात, चुकून ५ हजारांऐवजी ५० हजार गेले, माझी नोकरी जाईल, वरचे परत करा. आपला भला माणूस विरघळतो आणि स्वतःचेच पैसे पाठवून देतो.

चार, व्हॉट्सअॅपवर येणारी फाईल. बँकेच्या किंवा वाहन चलनाच्या नावाने येते, शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती उघडली की मोबाईलवर येणारे मेसेज चोराला दिसू लागतात. मग ओटीपी विचारायचीही त्याला गरज उरत नाही.

घात झालाच तर

माझी सर्वांत मोठी चूक नंबर वाचून दाखवण्याची नव्हती. त्यानंतर दोन दिवस गप्प बसलो, ती होती. घरात सांगितले नाही, बाजारात सांगितले नाही. तीस वर्षांचा धंदेवाला, लोक काय म्हणतील! तेवढ्यात ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत दूर निघून गेले. आमच्या ओळीतल्या टेलर मास्टरांना असाच फटका बसला, तर त्यांनी अर्ध्या तासात फोन केला आणि त्यांची निम्मी रक्कम पुढच्या बँकेतच अडवली गेली. माझी अक्कल आणि त्यांची अक्कल यांत फरक नव्हता. फरक दोन दिवसांचा होता.

म्हणून क्रम पाठ करा. सर्वांत आधी फोन कापा आणि इंटरनेट तोडा. काही सुचले नाही तर कॉम्प्युटरची वायर ओढा. फक्त लाल पडदा आला असेल तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि जुनी पाने उघडू का असे विचारले तर नाही म्हणा. बहुतेक वेळा एवढ्यावरच बला टळते. पैसे गेले असतील तर दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला सांगून खाते आणि कार्ड थांबवा. त्याच दमात १९३० हा नंबर लावा. सायबर फसवणुकीची रक्कम वाटेतच अडवण्यासाठी केंद्र सरकारने ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू केली. तेव्हा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार लिहिता येते. रकमेचा आकडा, वेळ, व्यवहाराचा नंबर आणि चोराचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. मग पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तो प्रोग्राम काढून टाका, बँकेचे सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

बँकेला लवकर कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी जो नियम घालून दिला, त्याप्रमाणे आपण स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवले तर नुकसान आपल्यावर येत नाही. म्हणजे कळवल्याची वेळ हीच आपली पावती.

एक इशारा आणखी. पैसे गेल्यावर काही दिवसांनी, "आम्ही सायबर सेलमधून बोलतो, तुमची रक्कम सापडली, फी भरा," असा फोन येऊ शकतो. मलाही आला. तोही चोरच!

आपल्या मुलांविषयी

आता मनातली एक गोष्ट. मीरा रोडला पकडलेल्यांत बरीच तरणी, शिकलेली मुले होती. आपल्या मोहल्ल्यातलीही मुले मुंबई-पुण्याला कॉल सेंटरच्या नोकरीला जातात. कित्येक जण इमानदारीने काम करतात आणि घर चालवतात. पण मुलाने नोकरी लागल्याचे सांगितले की पगार किती एवढेच विचारून थांबू नका. काम रात्रीचे आहे का, फोनवर स्वतःचे नाव सांगतो की दुसरे, नेमणुकीचा कागद आहे का, पगार खात्यात येतो की रोख, हे विचारा. खोटे नाव सांगून कॉम्प्युटर किंवा फोनच्या मार्फत फसवण्याला आयटी कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मालक पळून जातो, खुर्चीवर बसलेला पोरगा सापडतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कोण्या म्हातारीचे पैसे आणून घरात चूल पेटली तर त्या कमाईत बरकत कुठली?

मालेगावच्या भावाला मी सगळे खरे सांगितले. तो म्हणाला, "भाईजान, हप्त्याने द्या, पण माल थांबवू नका." चार हप्त्यांत फेडले. आपला बाजार अजून जबानीवर चालतो, आणि चालला पाहिजे. जबान कोणाची आहे एवढे फक्त पाहून घ्यायचे.

माझ्या गल्ल्याच्या वर आता एक कागद चिकटवलेला आहे, मराठीत आणि उर्दूत. बँकेचा नंबर, बिलिंगवाल्याचा नंबर, १९३०, आणि खाली एक ओळ: "न बोलावता आला तो मेकॅनिक नव्हे." तुम्हीही आजच असा कागद लिहून लावा. लागेल एक कागद आणि दोन मिनिटे.