घुग्घुसची नगरपरिषद आणि अनुच्छेद ३६८

३१ डिसेंबर २०२० रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसची नगरपरिषद झाली. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड) कोळसा खाणींभोवती वाढलेल्या या गावाचा कारभार तोवर ग्रामपंचायतीकडे होता. अधिसूचना राज्य सरकारची, पण नगरपरिषदेचं मूळ संविधानात आहे. १९५०च्या संविधानात मात्र नगरपालिकांची तरतूद नव्हती. ती ७४व्या घटनादुरुस्तीने आली, आणि सहज आली नाही.

घटनादुरुस्तीची वाट अनुच्छेद ३६८मध्ये आखलेली आहे. विधेयक लोकसभा आणि राज्यसभा दोघींनी स्वतंत्रपणे मंजूर करावं लागतं. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा. मतभेद झाले तर संयुक्त बैठकीची सोय नाही. म्हणूनच लोकसभेत भक्कम बहुमत असूनही राजीव गांधी सरकारची पंचायती आणि नगरपालिकांची विधेयकं ऑक्टोबर १९८९मध्ये राज्यसभेत पडली.

नरसिंह राव सरकारने नवी विधेयकं आणली. डिसेंबर १९९२मध्ये दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली. केंद्र-राज्य संबंधांसारख्या विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. ती मिळाली, २० एप्रिल १९९३ला राष्ट्रपतींची संमती झाली आणि १ जूनपासून ७४वी दुरुस्ती अमलात आली.

शेजारच्या गडचिरोलीत वेगळा मार्ग दिसतो. पंचायतींची ७३वी दुरुस्ती पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती. संसदेला साध्या कायद्याने ती तिथे नेता येईल आणि तो कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही, असं त्याच दुरुस्तीत लिहिलं होतं. त्यातूनच १९९६चा पेसा कायदा आला.

बदलाला सीमाही आहे. २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी सांगितलं: संसद घटना बदलू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

एवढे अडथळे कशासाठी? संविधानातली हमी कुणाला सहज मोडता येऊ नये म्हणून. पूर्वी राज्य सरकारं नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं निवडणुका टाळत. ७४व्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक बंधनकारक केली. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका रखडल्या. अखेर ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत त्या घेण्याचा आदेश दिला. घुग्घुसमध्येही नगरपरिषद झाल्यावर कारभार प्रशासकाकडेच राहिला. इतक्या कष्टाने संविधानात लिहिलेला हक्क प्रत्यक्षात मिळवण्यासाठी नागरिकांना वेळेवर निवडणुकीचा आग्रह धरावाच लागतो.