तांदळाची ये-जा

माझी आजी रेशनच्या तांदळाला ‘रंगूनी’ म्हणायची. आम्हाला हसू यायचे. कारण पुढे कळले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारत ब्रह्मदेशातून तांदूळ आणत असे. १९४२ मध्ये जपानने तो देश घेतला आणि आवक थांबली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या अनेक कारणांपैकी हे एक.

हरितक्रांतीनंतर चित्र पालटले. २०१२ मध्ये थायलंडला मागे टाकून भारत सर्वांत मोठा निर्यातदार झाला. पण घरात भाव चढले, की दार लागते. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ मध्ये बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली.

बंदीने आपला भात आवाक्यात राहतो. पण शेतकऱ्याला बाहेरचा भाव मिळत नाही आणि आपल्या तांदळावर विसंबलेल्या आफ्रिकी देशांत महागाई वाढते. आवक तुटली की काय होते, हे बंगालने भोगले आहे. दार लावताना तेवढे आठवावे.