मुखत्यारनाम्याचें मोल

जुन्या दप्तरांत राजमुद्रेचा कागद सांपडला कीं आपण तो जपतों. सह्यांच्या याद्या मात्र रद्दींत जातात. ही चूक केवढी आहे, हें पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या उदाहरणानें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयींच्या तक्रारींतून ही सभा २ एप्रिल १८७० रोजीं उदयास आली. परंतु गणेश वासुदेव जोशी प्रभृतींनीं तिला निराळेंच अधिष्ठान दिलें. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान ५० माणसांचा मुखत्यारनामा आणावा, असा नियम ठरला. कायदेमंडळांत निवडणूक ठाऊक नव्हती, त्या काळची ही गोष्ट! अर्जदार आतां एकटा राहिला नाहीं. त्याच्यामागें मोजतां येणारे लोक उभे राहिले.

याच बळावर १८७६-७८ च्या दुष्काळांत सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून ती सरकारपुढें मांडली. १८८५ सालीं काँग्रेसची पहिली बैठक पुण्यासच भरावयाची होती. पटकीच्या सांथीमुळें ती मुंबईस हलविली गेली. पुढील दुष्काळांत सभेच्या लोकांनीं रयतेस तिचे हक्क समजावून सांगितले, तेव्हां १८९७ सालीं सरकारनें, राज्यकारभाराविषयीं लिहिण्याचा सभेचा अधिकारच अमान्य केला. घाव नेमका प्रातिनिधिकत्वावर पडला. खरें सामर्थ्य कोठें होतें, हें त्यावरूनच कळतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, कोणत्याहि चळवळीची सह्यांची यादी हातीं आल्यास ती टाकूं नये. तींतील गांव, नांव, किंबहुना सहीऐवजीं काढलेली नांगराची निशाणीहि टिपून ठेवावी. पुढाऱ्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात. त्यांस अधिकार देणाऱ्यांची साक्ष या कागदांतच उरते.